शुक्र पाहायला शिकताना: पंचांगापासून दुर्बिणीपर्यंत, आणि वाटेत रोमची व्हीनस

आकाशनिरीक्षणाची सुरुवात बहुतेक जण दुर्बीण विकत घेऊन करतात. शुक्राच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा. आधी तारखा, मग जागा, मग नुसते डोळे आणि सर्वांत शेवटी दुर्बीण. शुक्र सूर्याला धरून चालतो. पृथ्वीवरून पाहताना तो सूर्यापासून ४८ अंशांपेक्षा जास्त लांब कधीच जात नाही. तो मध्यरात्री डोक्यावर का दिसत नाही, कधी पहाटे आणि कधी संध्याकाळीच का दिसतो, दुर्बिणीत त्याची कोर का दिसते, या सगळ्यांचं उत्तर या एका गोष्टीत आहे. एवढं लक्षात ठेवलं तरी रात्री अकराला पूर्वेकडे काही झगमगताना दिसलं तर तो शुक्र नाही, बहुधा गुरू आहे, हे तुम्ही ॲप न उघडता सांगाल.

पायरी १: सध्या शुक्र कुठे आहे ते ठरवा

शुक्राची एक फेरी सरासरी ५८४ दिवसांची असते. सूर्याच्या पलीकडे असताना (बहिर्युती) तो तेजात बुडालेला असतो. तिथून हळूहळू संध्याकाळच्या आकाशात येतो आणि सुमारे २६३ दिवस पश्चिमेला दिसतो. मग सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधून जाताना (अंतर्युती) आठवडाभर गायब होतो आणि पुढचे सुमारे २६३ दिवस पहाटे पूर्वेला दिसतो. त्यानंतर पुन्हा सूर्यामागे जाऊन साधारण ५० दिवस दिसेनासा होतो. हे सरासरी आकडे आहेत. ऋतू आणि तुमचे अक्षांश यांप्रमाणे ते बरेच हलतात.

येत्या काळातल्या कामाच्या तारखा अशा (एखाद्या दिवसाचा फरक धरून चाला):

१५ ऑगस्ट २०२६: संध्याकाळी सूर्यापासून सर्वांत लांब
२४ ऑक्टोबर २०२६: अंतर्युती
३ जानेवारी २०२७: पहाटे सूर्यापासून सर्वांत लांब
१२ ऑगस्ट २०२७: बहिर्युती
२२ मार्च २०२८: संध्याकाळी सूर्यापासून सर्वांत लांब
१ जून २०२८: अंतर्युती

पुढच्या तारखा स्वतः काढायच्या असतील तर यांत आठ वर्षं मिळवा आणि दोन-अडीच दिवस वजा करा. पाच फेऱ्या म्हणजे आठ वर्षांना जेमतेम अडीच दिवस कमी, त्यामुळे आकाशातलं सगळं नाटक जवळपास त्याच तारखांना पुन्हा होतं.

घरात पंचांग असेल तर त्यात शुक्राचा ‘अस्त’ आणि ‘उदय’ दिलेला असतो. हा रोजचा मावळणं-उगवणं नव्हे. सूर्याच्या तेजात लोपणं आणि त्यातून बाहेर येणं असा त्याचा अर्थ. लग्नाचे मुहूर्त शुक्राच्या अस्तात काढत नाहीत म्हणून ही नोंद पंचांगात जपली गेली, पण निरीक्षकाला ती आयतीच उपयोगी पडते. सूर्यसिद्धान्तात यासाठी शुक्र वक्री (ताऱ्यांमधून उलटा सरकत) असताना ८ अंश आणि मार्गी (नेहमीच्या दिशेने सरकत) असताना १० अंश अशी मर्यादा दिली आहे. वक्री असताना तो आपल्याजवळ आणि मोठा असतो, त्यामुळे सूर्याच्या जरा जास्त जवळ असूनही दिसतो.

महाराष्ट्रातून पाहणाऱ्याने यांतला कोणता काळ निवडावा? २०२६ मधली संध्याकाळची भेट पावसाळ्यात सापडते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढगांनी उघडीप दिली तर तो दिसेल, पण वेळापत्रक आखून पाहण्याचा हा काळ नव्हे. नोव्हेंबर २०२६ ते जानेवारी २०२७ च्या पहाटा मात्र उत्तम आहेत. आकाश धुतलेलं असतं, थंडी बेताची असते आणि शुक्र उगवतीला भरपूर वर चढलेला असतो. पहाटे उठणं जमणारच नसेल तर जानेवारी ते मे २०२८ च्या संध्याकाळी राखून ठेवा.

पायरी २: जागा आणि वेळ

क्षितिजापासूनची उंची हाताने मोजायची सवय लावा. हात पूर्ण लांब केला की बंद मूठ सुमारे १० अंश, ताणलेली वीत २० ते २२ अंश आणि करंगळीची जाडी १ अंश भरते. सूर्य मावळतो त्या दिशेला तुमच्या गच्चीवरून इमारती किती मुठी उंच आहेत हे एकदा मोजून ठेवा. दोन मुठींपेक्षा जास्त अडथळा असेल तर महिनोन्‌महिने शुक्र तुमच्यासाठी उगवणारच नाही. मग जागा बदला. कोकणातल्या किनाऱ्यावर क्षितिज मोकळं मिळतं, पण शेवटच्या चार-पाच अंशांत समुद्रावरचा दमट धुरळा सगळं गिळतो, हेही हिशेबात धरा.

संध्याकाळी पाहायचं असेल तर सूर्यास्तानंतर १५-२० मिनिटांनी सुरुवात करा. पहाटे असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी. गडद अंधाराची वाट पाहत बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यात दुहेरी तोटा होतो. तोवर शुक्र खाली उतरलेला असतो, म्हणजे हवेच्या जाड थरातून पाहावं लागतं. आणि काळ्या आकाशावर त्याचं तेज इतकं अंगावर येतं की आकार कळत नाही.

पायरी ३: नुसत्या डोळ्यांनी

शुक्राची दृश्य प्रत साधारण −३.८ ते −४.९ या दरम्यान राहते (आकडा जितका ऋण, तितकं तेज जास्त). गुरू फार तर −२.९ पर्यंत जातो आणि सर्वांत तेजस्वी तारा व्याध −१.५ वर थांबतो. म्हणजे संधिप्रकाशात सर्वांत आधी दिसणारा पांढराशुभ्र, न लुकलुकणारा ठिपका शुक्रच. गफलत होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे विमानतळाकडे येणारं विमान. त्याचे दिवे तुमच्या दिशेने रोखलेले असले की मिनिट-दोन मिनिटं ते जागचं हलत नाही. पाच मिनिटं थांबा, प्रश्न मिटतो. दुसरी म्हणजे क्षितिजालगतचा शुक्र. हवेच्या थरांमुळे तो लाल-हिरवा-निळा चमकतो आणि लोक त्याला उडती तबकडी ठरवून मोकळे होतात.

मोबाइलमधलं आकाश-ॲप वापरत असाल तर लोखंडी कठडा आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा यांपासून दूर जा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चारदा फिरवा. होकायंत्र चुकलं की ॲप शुक्र भलत्याच इमारतीमागे दाखवतं.

चंद्राचीही मदत होते. शुक्र सूर्यापासून सर्वांत लांब असतो त्या सुमारास संध्याकाळी शुक्ल चतुर्थीच्या आसपास आणि पहाटे कृष्ण द्वादशीच्या आसपास चंद्रकोर त्याच्याजवळून जाते. कारण एक तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. शुक्र सूर्याच्या जवळ असेल तर तिथीही अमावास्येकडे सरकते.

शुक्राच्या प्रकाशात सावली पडते, हे ऐकून बहुतेकांना पटत नाही. करून पाहा. चंद्र नसलेली रात्र किंवा पहाट, शहरापासून लांबची जागा आणि शुक्र भरात असलेला काळ हवा. नोव्हेंबर २०२६ ची अखेर किंवा एप्रिल २०२८ चालेल. डोळे २० मिनिटं अंधाराला सरावू द्या. मग शुक्राकडे पाठ करून पांढरा कागद धरा आणि त्याच्यापुढे वीतभर अंतरावर बोटं हलवा. स्थिर सावली चटकन कळत नाही, हलती कळते. शुक्र जवळजवळ बिंदूएवढा असल्यामुळे तिच्या कडा उन्हातल्या सावलीपेक्षा रेखीव असतात. रस्त्यावरचा एक दिवाही दिसत असेल तर प्रयोग फसलाच समजा.

पायरी ४: बायनॉक्युलर

७×५० किंवा १०×५० पुरे. यातून शुक्राची कोर दिसते, पण कायम नव्हे. फक्त अंतर्युतीच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा आठवड्यांत. बहिर्युतीला शुक्र आपल्यापासून जवळपास २६ कोटी किलोमीटरवर असतो आणि त्याची पूर्ण तबकडी जेमतेम १० विकला भरते (१ अंश म्हणजे ३६०० विकला). अर्धा उजळलेला असताना ती २४-२५ विकला होते, आणि अंतर्युतीजवळ, अंतर ४ कोटी किलोमीटरच्या आसपास आलं की ६० विकलांपर्यंत जाते. तेव्हा मात्र त्याची उजळलेली बाजू सूर्याकडे, म्हणजे आपल्यापासून पलीकडे वळलेली असते. म्हणून कोर जितकी बारीक तितकी मोठी. सर्वांत जास्त तेज या दोन्हींच्या मधे येतं: अंतर्युतीच्या सुमारे ३६ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर, जेव्हा तबकडीचा फक्त पावभागाच्या आसपास हिस्सा उजळलेला असतो.

कोर दिसत नसेल तर कारण बहुधा हात. १० पट मोठं दिसतं म्हणजे थरथरही १० पट. कोपर कठड्यावर टेका, नाहीतर तिवई वापरा. आधी दूरच्या टॉवरच्या टोकावर नीट फोकस करून घ्या. चष्म्याचा नंबर तिरका असेल तर चष्मा लावूनच पाहा. आणि पुन्हा तेच: आकाश निळं असतानाच पाहा. २०२६ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा यासाठी धरून ठेवण्यासारखा आहे. परतीचा पाऊस आवरला असेल तर सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येकडे खाली मोठी, बारीक कोर मिळेल.

पायरी ५: दुर्बीण

६० ते ८० मिलिमीटर वस्तुभिंगाची साधी दुर्बीण आणि ५० ते १०० पट वर्धन एवढ्यावर शुक्राचं जवळपास सगळं काम होतं. वर्धन काढायला दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ) नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागा. ७०० मिमीची दुर्बीण आणि १० मिमीची नेत्रिका म्हणजे ७० पट. २५ विकलांचा अर्धशुक्र ७० पट केला की १७५० विकला, म्हणजे जवळपास अर्धा अंश. नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा! तरीही पहिल्यांदा पाहणारा तो ‘चिमुकला’ म्हणतो, कारण मनातला चंद्र प्रत्यक्षापेक्षा खूप मोठा असतो.

क्रम असा ठेवा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. घरातली ऊब नळीत राहिली तर प्रतिमा उकळत्या पाण्यात पाहिल्यासारखी हलते. पत्र्याचं छप्पर किंवा दिवसभर तापलेला स्लॅब तुमच्या नजरेच्या रेषेत नको. कमी वर्धनाच्या, २० किंवा २५ मिमीच्या नेत्रिकेने शुक्र मधोमध आणा, मगच जास्त वर्धन लावा. स्वस्त दुर्बिणीबरोबर येणारी ४ मिमीची नेत्रिका आणि तिप्पट करणारं बार्लो भिंग डब्यातच राहू द्या. ६० मिमीच्या भिंगाला ते वर्धन पेलत नाही.

शुक्राभोवती जांभळी झळाळी दिसली तर तो भिंगाचा दोष. साध्या दोन भिंगांच्या रचनेत सगळे रंग एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत. पिवळा किंवा हिरवट फिल्टर, नाहीतर चंद्रासाठीचा फिल्टर लावला की ती बरीच आटोक्यात येते. एका काठाला लाल आणि समोरच्या काठाला निळी कड दिसत असेल तर ते वातावरणाने केलेलं वक्रीभवन आहे. शुक्र २५ अंशांच्या वर असताना पाहा.

ढगांचे पट्टे, डोंगर, केशरी जमीन असलं काही दिसणार नाही. केशरी चित्रं मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ मध्ये रडारने केलेल्या नकाशांची आहेत आणि रंग नंतर भरलेला आहे. प्रत्यक्षात तुम्ही पाहता ते सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांचं छत. ते स्वतःवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परत फेकतं, म्हणून तर इतकं तेज. खाली पृष्ठभागावर तापमान ४६५ अंश सेल्सिअसच्या घरात आणि हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त.

मोबाइलने फोटो काढताना नाइट मोड बंद करा, शुक्रावर बोट दाबून फोकस अडकवा आणि प्रकाशाची पट्टी अगदी खाली ओढा. पांढरा गोळा आकसत आकसत एका क्षणी कोर होतो.

नोंद ठेवायची असेल तर एकच काम सुचवतो, कारण ते खरोखर रंजक आहे. गणिताने शुक्र ज्या दिवशी बरोबर अर्धा असायला हवा, त्या दिवशी तो डोळ्याला अर्धा वाटत नाही. संध्याकाळी तो काही दिवस आधीच अर्धा दिसतो, पहाटे काही दिवस उशिरा. योहान श्रोटर या जर्मन निरीक्षकाने १७९० च्या दशकात हे नोंदवलं. उजेड-अंधाराच्या सीमेजवळचा प्रकाश इतका मंद असतो की तिथला भाग डोळ्याला अंधारातच गेलेला वाटतो, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. २५ डिसेंबर २०२६ ते १५ जानेवारी २०२७ रोज पहाटे एकाच वेळी, एकाच नेत्रिकेने पाहा. ५ सेंटिमीटरच्या आखलेल्या वर्तुळात सीमारेषा काढा: आत वळलेली, सरळ की बाहेर फुगलेली? आदल्या दिवसाचं चित्र पाहून नवं काढू नका, नाहीतर मनातली अपेक्षाच कागदावर उतरेल. नजर काटकोनात वळवणाऱ्या आरशातून (डायगोनल) पाहत असाल तर डावं-उजवं उलटं असतं, तेही लिहून ठेवा.

पायरी ६: भर दिवसा

शुक्र दिवसाउजेडी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कठीण जातं ते शोधणं. सोपा मार्ग पहाटेचा: शुक्र अंधारात धरून ठेवा आणि एखाद्या झाडाच्या किंवा खांबाच्या टोकाशी त्याची जागा पक्की करत सूर्य उगवल्यानंतरही पाहत राहा. दुसरा मार्ग, चंद्रकोर त्याच्याजवळ असेल तो दिवस. डोळ्यांना निळ्या आकाशात टेकायला काही नसतं, म्हणून त्यांचा फोकस जवळच राहतो. आधी चंद्राकडे किंवा दूरच्या ढगाकडे पाहून मग शुक्राकडे वळलं की तो टचकन दिसतो.

सूर्याची काळजी इथे थट्टेवारी न्यायची नाही. दुपारनंतर इमारतीच्या पूर्वेकडच्या सावलीत उभे राहा, म्हणजे सूर्य भिंतीआड जात राहील आणि सावली वाढत जाईल. सकाळी हेच उलट होतं: पश्चिमेकडच्या सावलीत उभं राहिलं तर सूर्य वर चढत भिंतीच्या कडेवरून अचानक बाहेर येतो. सूर्य क्षितिजाच्या वर असताना बायनॉक्युलर किंवा दुर्बीण आकाशात फिरवत शुक्र शोधणं नवख्याने अजिबात करू नये. क्षणभर सूर्य नजरेत आला तरी डोळा कायमचा जातो. गॉगल याला उपाय नाही.

अंतर्युतीच्या सुट्टीत: ही व्हीनस कोण?

ऑक्टोबर २०२६ च्या मध्यानंतर शुक्र पश्चिमेला हरवेल आणि नोव्हेंबर उजाडला की पूर्वेला सापडेल. या अदृश्य दिवसांनीच जुन्या लोकांना कोड्यात टाकलं होतं. मावळतीची चांदणी आणि पहाटेची चांदणी एकच, हे आपोआप कळत नाही. रोमन लोक पहाटेच्या चांदणीला लुसिफर (प्रकाश आणणारा) आणि संध्याकाळच्या चांदणीला व्हेस्पर म्हणत. बॅबिलोनच्या ज्योतिषांनी मात्र तिचे २१ वर्षांचे उदय-अस्त मातीच्या विटांवर नोंदवले होते आणि ती त्यांनी इश्तार देवीची मानली. ग्रीकांनी इश्तारच्या जागी आफ्रोडायटी आणली, रोमनांनी आफ्रोडायटीच्या जागी व्हीनस. ग्रहाला देवीचं नाव आलं ते असं हातोहात. आपल्याकडे याच ग्रहावर दैत्यगुरू शुक्राचार्य आहेत.

व्हीनस म्हणजे फक्त प्रेमाची देवी असं समजून रोमचा इतिहास वाचायला घेतलात तर गोंधळाल. ती मुळात इटलीतली, मळ्या-बागांशी जोडलेली देवी. इ.स.पू. २१७ मध्ये त्रासिमेने सरोवराकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्य कापून काढलं, तेव्हा घाबरलेल्या रोमने सिसिलीतल्या एरिक्सच्या व्हीनसला नवस बोलला आणि दोन वर्षांनी कॅपिटोलिन टेकडीवर तिचं देऊळ उभं केलं. म्हणजे संकटात धावून येणारी राज्याची देवता. ज्युलियस सीझरने तर आपलं कूळच तिच्यापासून सांगितलं: व्हीनसचा मुलगा ईनिअस, त्याचा मुलगा यूलस आणि त्याच्यावरून यूलियस घराणं. इ.स.पू. ४६ मध्ये त्याने आपल्या चौकात ‘व्हीनस जेनेट्रिक्स’, म्हणजे कुळाची आई, हिचं देऊळ वाहिलं. रोमला गेलात तर त्याचे पुन्हा उभारलेले तीन खांब रस्त्यावरूनच दिसतात. कलोसियमशेजारी सम्राट हेड्रियनने बांधलेलं व्हीनस आणि रोमा (रोम नगराची देवी) यांचं जोडदेऊळ आहे, दोन गाभारे पाठीला पाठ लावून. संग्रहालयात एक सावधगिरी: पाटीवर ‘व्हीनस’ लिहिलेली प्रत्येक मूर्ती रोमन नसते. पॅरिसच्या लूव्रमधली प्रसिद्ध बिनहातांची मूर्ती १८२० मध्ये मिलोस बेटावर सापडली, ती ग्रीक आहे.

देवी आणि दुर्बीण यांची गाठ गॅलिलिओने घातली. १६१० च्या अखेरीस त्याला शुक्राच्या कला दिसल्या. शोध आपल्या नावावर राहावा, पण लगेच फुटू नये, म्हणून त्याने तो अक्षरांची उलटापालट केलेल्या लॅटिन वाक्यात कळवला. उकल केल्यावर अर्थ निघतो: प्रेमाची माता चंद्राच्या रूपांचं अनुकरण करते. शुक्र पूर्ण गोल ते बारीक कोर अशी सगळी रूपं घेतो, हे तो सूर्याभोवती फिरत असेल तरच शक्य होतं. टॉलेमीच्या पृथ्वीकेंद्री व्यवस्थेत तो कायम सूर्य आणि पृथ्वी यांच्या दरम्यान राहतो, त्यामुळे जवळपास पूर्ण उजळलेला शुक्र तिथे बसतच नव्हता. गॅलिलिओची दुर्बीण साधारण २० पटींची होती. तुमची ६० मिमीची तिच्यापेक्षा सरस आहे.

ही स्त्रीनामांची परंपरा पुढे नकाशातही राहिली. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या नियमाने शुक्रावरच्या जागांना देवी आणि स्त्रियांची नावं दिली जातात. मॅक्सवेल पर्वत हा ठळक अपवाद, कारण ते नाव नियमाआधीच रुळलं होतं. उत्तरेकडच्या इश्तार भूमीत लक्ष्मी पठार आहे. मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं आहेत आणि त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. जेरुशा झिराड या आहेत. संघाची ग्रहनामसूची इंटरनेटवर मोफत पाहता येते. आनंदीबाईंचं विवर ५.५ अंश उत्तर आणि २८८.८ अंश पूर्व इथे आहे, व्यास ३४ किलोमीटर. नाव इंग्रजीत टाकून शोधताना स्पेलिंगच्या शेवटी दोन ई घाला. आनंदीबाई स्वतः तसंच लिहीत आणि नकाशातही तसंच आहे.